अनुभव धागा: बाळाचा योग, आईचा योग – खान्देशातले अनुभव सांगा

जळगावात आता आई-बाळ योगाचे वर्ग दिसायला लागलेत. कुणी महाबळकडे हॉल भाड्याने घेतं, कुणी आपल्याच गच्चीवर पत्र्याचं शेड टाकून सकाळचा वर्ग चालवतं. भुसावळ, धुळे, शिरपूरकडच्या मैत्रिणी फोन करून विचारतात की एवढ्याशा बाळाला कसला योग, पैसे घालवायचे का, बाळाला काही होणार तर नाही? एकटीने उत्तर देण्यापेक्षा सगळ्यांनी आपापलं सांगावं म्हणून हा धागा. मूल केवढं होतं, वर्गात नेमकं काय करून घेतलं, काय पटलं, काय खटकलं ते लिहा. आज्या, बाबा, शिक्षक, अंगणवाडीताई, सगळ्यांचं स्वागत आहे.

सुरुवात माझ्यापासून. माझी मुलगी वर्षाची व्हायला आलीय. ती तीन महिन्यांची असताना आम्ही जायला लागलो. पहिला अर्धा वेळ बाळाचा असतो: सतरंजीवर उताणं ठेवून दोन्ही गुडघे हलकेच पोटाकडे न्यायचे, सोडायचे, हात छातीवर एकमेकांवर घ्यायचे, उघडायचे, मग पोटावर पालथं घालून समोर खुळखुळा. बाळाने अंग ताठ केलं की तिथेच थांबायचं, हा ताईंचा पहिला नियम. उरलेला वेळ आईचा. माझ्या मते वर्गाचा खरा फायदा इथे आहे. बाळंतपणानंतर सगळं घर बाळाकडे बघतं. आईची कंबर, आईचं पोट, आईची झोप याबद्दल मला कुणीतरी विचारलं ते या वर्गातच.

अमळनेर, आजी

सुनेने नातवाला योगाला नेते म्हटलं तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "काय करी राहिनी व माय, पोऱ्याले मोडशी का?" मग एकदा सोबत जाऊन बसले. बघते तर आमच्या मालिशवाल्या बाईचंच सगळं काम. तेल जिरवून झालं की ती बाळाचे हात गुणाकारासारखे छातीवर घ्यायची, मग उजवा हात डाव्या पायाला, डावा हात उजव्या पायाला. माझ्या चारही लेकरांचं असंच केलंय. फरक एवढाच की आमची बाई बाळ रडलं तरी थांबायची नाही, "रडू द्या, छाती मोकळी होते" म्हणायची. इथे बाळ रडलं की थांबतात, आई जवळ घेते. हे मला आवडलं. आमना टाईमले आसं काही नव्हतं, पन पोर हासस ना, मंग बेस शे.

जळगाव, वर्ग घेणारी

आजींचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. लबॉयर नावाचे फ्रेंच प्रसूतितज्ज्ञ होते. त्यांनी कोलकात्यात शांतला नावाच्या आईला बाळाला मालिश करताना पाहिलं आणि 1970 च्या दशकात ती पद्धत युरोपात नेली. आज तिकडे शिकवल्या जाणाऱ्या बाळाच्या मालिशीत त्या हातांचा मोठा वाटा आहे, आणि शेवटचे ते हात-पाय जुळवणं बाळाच्या योगातही दिसतं. म्हणून मी नव्या आयांना सांगते, घरच्या आजीला एकदा वर्गात घेऊन या.

माझे नियम लिहिते, म्हणजे कुठेही गेलात तरी विचारता येईल. आईची सहा आठवड्यांची तपासणी झाल्याशिवाय घेत नाही. सिझर झालं असेल तर डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय नाहीच. दूध पाजल्यावर निदान अर्धा-पाऊण तास बाळाचं पोट दाबलं जाईल असं काही नाही. लसीच्या दिवशी, तापात, जुलाबात सुट्टी. मान धरली नसेल (साधारण तीन ते चार महिन्यांत धरते) तर बाळाला उचलताना एक तळवा कायम डोक्यामागे. आणि बाळाला बसवणं, उभं करणं हे आम्ही करत नाही, ते बाळ आपल्या वेळेला करतं.

धुळे, देवपूर, फिजिओथेरपिस्ट

एक गोष्ट ठासून सांगायची आहे. मोबाईलवर बाळाच्या योगाच्या नावाखाली बाळाला मनगटाने किंवा घोट्याने धरून हवेत गरगर फिरवण्याचे व्हिडिओ फिरतात. त्याला योग म्हणू नका आणि करून तर अजिबात बघू नका. तान्ह्या बाळाचं डोकं शरीराच्या मानाने जड असतं, मानेचे स्नायू कच्चे असतात. झटक्याने डोकं हललं तर मेंदूभोवतीच्या बारीक रक्तवाहिन्या फाटू शकतात. दृष्टी जाऊ शकते, जीव जाऊ शकतो. खांदा आणि कोपर निखळण्याची भीती वेगळीच.

दुसरं, पायाळू बाळं. बाळ पोटात पायाळू होतं, किंवा घरात कुणाचा खुबा जन्मतः सरकलेला होता, तर सहा आठवड्यांच्या सुमारास खुब्याची सोनोग्राफी करून घ्या आणि मगच पायांचे प्रकार सुरू करा. एक मांडी दुसरीपेक्षा कमी उघडते, मांडीवरच्या वळ्या दोन्हीकडे सारख्या नाहीत, असं दिसलं तर बाळाला दाखवूनच घ्या. पाय सरळ करून घट्ट गुंडाळायची आपल्याकडची पद्धतही खुब्याला वाईट. छाती गुंडाळा, पाय बेडकासारखे मोकळे राहू द्या.

आणि आयांसाठी: पोटाच्या मधोमध उभी फट जाणवते का ते बघा. उताणं झोपून डोकं किंचित उचललं की बेंबीच्या वर-खाली बोटं आत जातात. गरोदरपणात पोटाचे दोन पट्टे एकमेकांपासून लांब जातात, बहुतेकींचे हळूहळू जवळ येतात. तोवर उताणं झोपून उठून बसायचे पोटाचे व्यायाम, नौकासन वगैरे नको. शिंकल्यावर, हसल्यावर लघवीचे थेंब येत असतील तर लाजू नका, "बाळंतपणानंतर असंच असतं" म्हणून सोडू नका. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायचा-सोडायचा व्यायाम बाळाला पाजतानाही होतो.

पाचोरा, आई

बाळ आठव्या महिन्यात झालं होतं. वर्गात सगळ्यांची बाळं मान धरायची आणि माझं नाही, जीव कासावीस व्हायचा. डॉक्टरांनी सांगितलं, वय जन्मतारखेपासून नको, डिलिव्हरीच्या ठरलेल्या तारखेपासून मोजा. कमी दिवसांच्या बाळांच्या आयांनो, एवढं लक्षात ठेवा.

धुळे, आई

माझा अनुभव कडू आहे, पण लिहिते. एका ठिकाणी तीन महिन्यांची फी आधीच घेतली. सांगताना बाळाची बुद्धी वाढते, उंची वाढते, सर्दी-खोकला होत नाही, सगळं सांगितलं. हॉलमध्ये पंखा एकच, बाळांना घामोळ्या आल्या. वर्गात अर्धा वेळ फोटो काढण्यात जायचा. बाळाचा पाय डोक्याला लावून धरा म्हणायचे, फोटो चांगला येतो. मी बंद केलं तेव्हा पैसे परत मिळाले नाहीत. नवीन आयांनी आधी एक दिवस नुसतं बघायला जावं. बघू देत नसतील तर तिथे नाव घालू नये.

भुसावळ, बाबा

मी रेल्वेत आहे, पाळ्या बदलत्या. मुलगा पाच वर्षांचा. बायकोने त्याला मुलांच्या योगवर्गात घातलं आणि रविवारचा पालकांसोबतचा वर्ग माझ्या वाट्याला आला. मांजर, साप, फुलपाखरू, झाड अशी सगळी आसनं गोष्टीतूनच येतात. ताई गोष्ट सांगत जातात आणि मुलं अंगाने ती करत जातात. वीस-पंचवीस मिनिटं, त्यापुढे मुलं टिकत नाहीत आणि ताई ताणतही नाहीत.

मला सापडलेली गोष्ट म्हणजे भ्रामरी. नाकाने श्वास घ्यायचा आणि सोडताना तोंड मिटून म्म्म्म असा आवाज. रात्रपाळीला निघायच्या आधी मी पलंगावर बसतो, तो माझ्या छातीला कान लावतो आणि मी आवाज काढतो. त्याला तो आवाज कानापेक्षा गालाला जास्त जाणवतो म्हणे. मग तो काढतो, मी त्याच्या पाठीवर हात ठेवतो. पूर्वी मी निघालो की रडायचा, आता निघायच्या आधी हे हवंच असतं. श्वास रोखून धरणं आणि कपालभाती आमच्या ताई लहान मुलांना देत नाहीत. मोठ्यांचे प्राणायाम मुलांकडून करून घेणाऱ्या घरांनी हे विचारात घ्यावं.

अमळनेर, निवृत्त शिक्षक

योग ही पुण्या-मुंबईहून आलेली फॅशन आहे असं आपल्याकडे काही जण म्हणतात, म्हणून लिहितो. लोणावळ्याचं कैवल्यधाम 1924 साली स्थापन करणारे स्वामी कुवलयानंद त्याआधी काही वर्षं आमच्या अमळनेरला, खान्देश एज्युकेशन सोसायटीत शिकवत होते. त्यांचं मोठं काम म्हणजे आसनांचा आणि श्वासाचा शरीरावर काय परिणाम होतो हे त्यांनी प्रयोगशाळेत मोजायला घेतलं. बाळाची बुद्धी वाढते म्हणणाऱ्याला आपणही तेवढंच विचारावं: कशावरून?

शहादा, जिल्हा परिषद शाळेतली शिक्षिका

संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर 2014 मध्ये 21 जून हा योग दिन ठरवला आणि 2015 पासून तो साजरा होतो. आमच्याकडे शाळा नुकती उघडलेली असते, पहिलीची पोरं अजून आईचा पदर सोडत नाहीत आणि त्यांना रांगेत उभं करायचं. एका दिवसाच्या फोटोसाठी ही धावपळ मला पटत नाही. मी माझ्या वर्गात रोज जेवणानंतरच्या तासाला पाच मिनिटं शवासन घेते. एवढं पुरतं. जी मुलं सकाळी शेतात पाणी भरून, गुरं सोडून आलेली असतात, त्यांना व्यायामापेक्षा निजण्याची परवानगी हवी असते.

शिरपूर, आई

माझ्या मुलाला डाउन सिंड्रोम आहे. तो सहा वर्षांचा. अंग इतकं लवचीक की पहिल्याच दिवशी वर्गातले सगळे कौतुक करायला लागले. बालरोगतज्ज्ञांनी मात्र आधीच बजावलं होतं: या मुलांचे सांधे सैल असतात, मानेच्या वरच्या मणक्यांचाही सांधा सैल असू शकतो. कोलांटी, शीर्षासन, सर्वांगासन, मान जोरात वाकवणारं काहीच नको. म्हणून आम्ही उलटं करतो. किती वाकतो ते बघत नाही, किती स्थिर उभा राहतो ते बघतो. ताडासनात भिंतीला पाठ लावून उभं राहणं, माझा हात धरून वृक्षासन. आता एका पायावर उभं राहून चड्डी घालतो, स्वतःची स्वतः. आमच्या घरात त्या दिवशी वरण-बट्टी झाली.

धडगाव तालुका, अंगणवाडीताई

आमच्याकडे वर्ग नाही, हॉल नाही. आया बाळाला फडक्यात कमरेला किंवा पाठीला बांधून डोंगर चढतात. बाळ दिवसभर आईच्या अंगाला. तुमच्या वर्गात त्वचेला त्वचा लावून घ्यायला शिकवतात असं ऐकलं, ते इथे कुणाला शिकवावं लागत नाही.

मी अंगणवाडीत इथल्या पावरी बोलीतल्या गाण्यावर मुलांना बेडूक, कोंबडा, ससा करायला लावते. पण आधी वजन-उंची बघते, दंडाचा घेर मोजते. जे मूल तीव्र कुपोषणात आहे त्याला उड्या मारायला लावत नाही. त्याची भूक तपासायची, आरोग्य केंद्रात पाठवायचं, ग्राम बाल विकास केंद्रात दिवसातून अनेक वेळा थोडं थोडं खायला घालायचं. ते मूल आपणहून खेळायला लागलं की मला कळतं, आता बरं आहे. माझं मागणं एवढंच, शहरात शिकलेल्या ताईंनी पावसाळा संपल्यावर एकदा इथे यावं. आयांच्या कंबरा मोडल्यात. त्यांच्यासाठी काही दाखवा.

जळगाव, वर्ग घेणारी

धडगावच्या ताई, मी येते. दिवाळीनंतर तुमच्या आयांना कापूस वेचणीला गुजरातकडे जावं लागतं का ते सांगा, त्याप्रमाणे आधीची तारीख धरू. मला पावरी येत नाही, तुम्ही सोबत बोलाल ना?

चोपडा, आई

माझा प्रश्न पोटदुखीचा. बाळ रोज संध्याकाळी दोन-दोन तास रडायचं, म्हणून वर्ग लावला. गुडघे पोटाकडे घेतल्यावर वारा सरायचा, तेवढ्यापुरतं बरं वाटायचं, रडणं पूर्ण थांबलं नाही. साडेतीन महिन्यांनंतर आपोआप थांबलं. बहुतेक बाळांचं तसंच होतं असं डॉक्टर म्हणाले. तरी वर्ग लावल्याचं समाधान आहे, कारण तिथल्या दुसऱ्या दोघींचीही बाळं संध्याकाळी तशीच रडायची. आम्ही तिघी त्याच वेळेला एकमेकींना फोन लावायचो.

साक्री, आई

मी आखाजीला (अक्षय तृतीयेला) माहेरी जळगावला येतेय, बाळ चार महिन्यांचं आहे. आठवडाभरासाठी वर्गात बसू देतात का? आणि त्या उन्हात बाळाला बाहेर काढावं का, सासूबाई नको म्हणतात.

जळगाव, वर्ग घेणारी

या ना, आखाजीला माहेरवाशिणींसाठी जागा ठेवतेच. सासूबाईंचं म्हणणं बरोबर आहे, पारा 45 च्या वर जातो, म्हणून एप्रिल-मेमध्ये वर्ग सकाळी साडेसहाला असतो आणि साडेसातला सगळ्या घरी. बाळाला पातळ सुती झबलं, टोपडं नको. सहा महिन्यांच्या आत वरचं पाणी देऊ नका, अंगावर जास्त वेळा पाजा. येताना बाळाची फाईल, धुतलेली जुनी सुती साडी चौघडी करून, आणि तुमच्यासाठी पाण्याची बाटली. आईंना घेऊन आलात तर खुर्ची आहे.