जॉब सांभाळून अफिलिएट वेबसाइट: कोर्स लावू की आपलं आपण सुरू करू?

वाघोलीकर

नमस्कार मंडळी. पुण्यात खराडीला एका आयटी कंपनीत टेस्टिंगला आहे, राहायला वाघोलीला. होम लोनचा हप्ता, पोराची शाळा, गाडीचं पेट्रोल सगळं जाऊन हातात फार काही उरत नाही, म्हणून साइड इन्कमचं बघतोय. गेल्या रविवारी बाणेरला एका हॉटेलात फ्री सेमिनार होता, अफिलिएट मार्केटिंगवर. एक निश, म्हणजे ठराविक छोटा विषय, पकडायची, वेबसाइट काढायची, रिव्ह्यू टाकायचे, लोक आपल्या लिंकवरून घेतात आणि आपल्याला झोपेत कमिशन, असं एकंदर. स्लाइडवर कमाईच्या डॅशबोर्डचे स्क्रीनशॉट, आकडे बघून डोळे फिरले. शेवटी अर्थातच कोर्स, २९,९९९ चा, आणि "आजच्या आज भरलेत तर १४,९९९". मी भरले नाहीत पण त्यांचा माणूस रोज फोन करतोय.

डोक्यात निश म्हणून आत्ता तीन आहेत: १५ हजारांच्या आतले मोबाइल, क्रेडिट कार्ड, नाहीतर वजन कमी करायचे प्रॉडक्ट. बायको म्हणते वेबसाइट नंतर काढ, आधी बाथरूमच्या नळावरचे पांढरे थर काढ. आमच्याकडे टँकर आणि बोअरचं पाणी, बादलीसुद्धा पांढरी होते, केसांचं तर बोलायलाच नको, त्या नादात मी दोन शॉवर फिल्टर, वॉशिंग मशीनला पाणी मऊ करणारा एक सॉफ्टनर आणि पाण्यात विरघळलेलं किती ते दाखवणारा टीडीएस मीटर एवढं घेऊन बसलोय. असो, विषय तो नाही.

तर कोर्स लावू का? निश कुठली? मराठीत लिहू की इंग्लिशमध्ये? आणि टॅक्सचं काय, ऑफिसला सांगावं लागतं का?

तिरकस_पेठकर

झोपेत कमिशन येत असलेला माणूस रविवारी दुपारी बाणेरला उभं राहून ४० लोकांना चहा-बिस्किटं का वाटतोय, एवढं एकच विचारायचं होतं.

कुंडीवाली

पेठकर, अगदी!

वाघोलीकर दादा, माझी गच्चीवरच्या बागेची मराठी साइट आहे, कोकोपीट, ग्रो बॅग, नीम पेंड, ओल्या कचऱ्याचं खत असं सगळं. पैसे येतात पण कसे येतात ते आधी ऐका म्हणजे स्लाइडवरचे आकडे डोक्यातून जातील. समजा महिन्याला ३००० लोक साइटवर आले, त्यातल्या १० टक्क्यांनी लिंक दाबली म्हणजे ३०० जण, त्यातल्या ५ टक्क्यांनी खरंच घेतलं म्हणजे १५ ऑर्डरी. सरासरी ऑर्डर ८०० ची धरा आणि कमिशन ४ टक्के धरा, तर एका ऑर्डरमागे ३२ रुपये आणि महिन्याचे झाले ४८० रुपये. दोघांचं वैशाली हॉटेलात डोसा-कॉफी. आणि ते ३००० लोक पहिल्या महिन्यात येत नाहीत बरं का, गूगल नव्या साइटला लवकर दारातसुद्धा उभं करत नाही. म्हणून मी कोकोपीटवर कमी आणि थोड्या महागाच्या वस्तूंवर, म्हणजे कंपोस्टिंगचे डबे, ठिबकचे सेट वगैरेंवर जास्त लिहिते. लिहायला मेहनत तेवढीच लागते.

तुमच्या तिन्ही निश बाद करा. मोबाइलवर मोठमोठ्या साइट बसल्यात, त्यांच्याकडे फोन लाँचच्या आधी येतो, तुम्ही काय दुकानात हातात घेऊन लिहिणार? क्रेडिट कार्डाचंही तेच. वजन कमी करण्याच्या पावडरींच्या नादी तर लागूच नका, उद्या कुणाला काही झालं तर? शिवाय तब्येत आणि पैसा या विषयांवर गूगल कोण लिहितंय ते जास्त कडक बघतं.

आणि तुम्ही स्वतःच "असो, विषय तो नाही" म्हणून जे सोडून दिलंत ना, विषय तोच आहे! घरात दोन फिल्टर, एक सॉफ्टनर, मीटर, आणि वर चिडलेली बायको. एवढं सामान मोबाइलच्या रिव्ह्यूवाल्यांकडे पण नसतं.

वाघोलीकर

हाहा ताई, बायकोला वाचून दाखवलं, ती तुमच्या पार्टीत. पण सिरियसली, जड पाण्यावर कोण वाचणार? आणि मी इंजिनिअर असलो तरी पाण्यातला नाही. त्यात दोन्ही शॉवर फिल्टर लावून मीटरवर आकडा तोच येतो, ९०० च्या आसपास, मग लिहू काय, की काहीच फरक पडत नाही?

बुरेट_आणि_पिपेट

हो, हेच लिहा. पण नीट कारण देऊन लिहा, कारण इथे सगळाच घोळ आहे आणि तुम्ही पण त्यात आहात. मी वॉटर टेस्टिंगच्या लॅबमध्ये काम करतो.

टीडीएस मीटर पाण्यात एकूण विरघळलेलं काय आहे त्याचा अंदाज देतो, तोही पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून. हार्डनेस म्हणजे त्यातला फक्त कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचा भाग. त्यामुळे मीटरवर हार्डनेस कळतच नाही. गंमत म्हणजे तुमचा वॉशिंग मशीनचा सॉफ्टनर एकदम व्यवस्थित चालत असला तरी मीटरवर आकडा जवळपास तोच दिसणार, कारण आतलं रेझिन, म्हणजे बारीक मणी, कॅल्शियम पकडतं आणि बदल्यात सोडियम सोडतं, विरघळलेलं आहे ते आहेच. लोक मीटर बुडवतात, आकडा हलला नाही की "फ्रॉड आहे" म्हणून एक स्टार देतात. उलट जे शॉवर फिल्टर खरंच हार्डनेसचं काही करत नाहीत त्यांना पाच स्टार, कारण आत कार्बन असतो, क्लोरीनचा वास जातो, माणूस खूश.

मोजायचंच तर हार्डनेसचं थेंबांचं किट घ्या. छोट्या बाटलीत ठराविक पाणी घ्यायचं, बफरचे थेंब टाकायचे, मग इंडिकेटर टाकला की पाणी वाईनसारखं लालसर होतं. त्यानंतर दुसऱ्या बाटलीतलं औषध एकेक थेंब टाकत हलवत राहायचं, थेंब मोजायचे. बराच वेळ लालच राहतं, मग जांभळट होतं आणि एखाद्या थेंबाला एकदम स्वच्छ निळं होतं, तिथे थांबायचं. एका थेंबाला किती ते किटवर लिहिलेलं असतं, गुणाकार करायचा. शॉवर फिल्टरच्या आधीचं आणि नंतरचं पाणी शेजारी शेजारी ठेवून हे करा आणि फोटो काढा. दोन्हीकडे थेंब सारखेच लागले तर तुमचा रिव्ह्यू तिथेच झाला, पुढे एक अक्षर नाही लिहिलंत तरी चालेल.

आकडे द्यायचे तर आयएस १०५०० बघा, पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक. त्यात टीडीएस ५०० पर्यंत स्वीकारार्ह आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात, एकूण हार्डनेस तसाच २०० आणि ६००, सगळं मिलिग्रॅम पर लिटरमध्ये. हे पिण्यासाठी आहे, नळावर थर बसेल की नाही याच्यासाठी नाही, तेवढं स्पष्ट लिहा. आणि कृपा करून केस गळण्याचं खापर पाण्यावर फोडून तेल विकू नका, ते डॉक्टरांचं काम.

कोण वाचणार विचारलंत. बावधन, उंड्री, वाघोली, नवीन सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर आठवड्याला एक तरी माणूस विचारतो की कुठला सॉफ्टनर घेऊ. खडकवासल्याचं मऊ पाणी पिऊन वाढलेली माणसं बोअरवर आली की त्यांना पहिल्यांदा कळतं साबणाला फेस न येणं म्हणजे काय.

कुंडीवाली

वा सर! दादा, आता तरी पटलं का?

भाषेचं सांगते. मराठीत वाचणारे आहेत, स्पर्धा कमी, पण विकत घेताना बरेच जण प्रॉडक्टचं नाव इंग्लिशमध्येच टाकतात. म्हणून लेख बोलीतल्या मराठीत लिहा आणि मॉडेलचं नाव डब्यावर असतं तसंच ठेवा. शाळेच्या पुस्तकातलं "दुष्फेन पाणी" कुणी सर्च करत नाही, "बोअरच्या पाण्याने नळावर पांढरे डाग" असलं काहीतरी टाकतात. गूगलचं सर्च कन्सोल फुकट आहे, तिथे लोक नक्की काय टाइप करून आले ते दिसतं, मी निम्मे लेख तिथे बघूनच लिहिते. आणि फक्त खरेदीचे लेख नकोत. व्हिनेगरने थर कसा काढायचा, रेझिनला मीठ कधी टाकायचं, टाकीत किती गाळ साठतो हे पण हवं, लोक त्याच्यासाठी येतात आणि वाचता वाचता किट घेतात.

सर्व्हर_डाऊन

टेक्निकल भाग मी सांगतो, फार नाहीये. एक .इन डोमेन म्हणजे साइटचा पत्ता, साधं शेअर्ड होस्टिंग म्हणजे सर्व्हरवरची भाड्याची जागा, साइट बनवायला वर्डप्रेस, फुकटातली हलकी थीम म्हणजे साइटचं रूप, आणि एसएसएल, म्हणजे साइटचं सुरक्षेचं कुलूप, फुकट मिळतं. होस्टिंग घेताना पहिल्या वर्षाची किंमत बघून उडी मारू नका, रिन्यूअलचा रेट बघा, तिथे खरी कात्री बसते. याच्यासाठी १५ हजारांचा कोर्स म्हणजे सायकल शिकायला ड्रायव्हिंग स्कूल.

ॲमेझॉनचं अफिलिएट खातं काढणार असाल तर घाई नको. खातं काढल्यापासून १८० दिवसांत ३ ऑर्डरी झाल्या नाहीत तर बंद करतात, म्हणून आधी लेख टाका, थोडी वर्दळ येऊ दे, मग अर्ज करा. आणि त्या तीन ऑर्डरी मेव्हण्याला सांगून करू नका, स्वतःच्या आणि नातेवाईक-मित्रांच्या खरेद्या चालत नाहीत. लिंक ईमेलमध्ये किंवा पीडीएफमध्ये टाकायची नाही. किंमत हाताने लिहायची नाही कारण ती बदलते, "सध्याची किंमत बघा" एवढंच. त्यांचे फोटो सेव्ह करून चिकटवायचे नाहीत, पण तुमच्याकडे तर स्वतःच्या बाथरूमचे आहेत. क्लिक केल्यावर २४ तासांत माणसाने घेतलं किंवा कार्टमध्ये टाकलं तरच तुमचं, आणि पैसे हातात यायला महिना संपल्यावर साधारण २ महिने जातात. लिंकला रेल स्पॉन्सर्ड (rel="sponsored"), म्हणजे ही पैसे मिळवणारी लिंक आहे असं गूगलला सांगणारा टॅग, लावायला विसरू नका, गूगलने तो २०१९ पासून दिलाय.

आता जरा कडू. एआयने ढिगाने रिव्ह्यू लिहून टाकायचा विचार असेल तर तो धंदा बसलाय. मार्च २०२४ च्या अपडेटमध्ये गूगलने असल्या घाऊक साइटींवरच नेम धरला होता. आणि ऑगस्ट २०२४ पासून भारतात सर्चच्या वरच एआयचं तयार उत्तर येतं, "हार्ड वॉटर म्हणजे काय" असल्या प्रश्नाला लोक खाली येतच नाहीत. फक्त माहिती देणाऱ्या लेखांचा ट्रॅफिक मार खातो, तुमच्या नळाचं आणि तुमच्या थेंबांचं मात्र त्याला माहीत नसतं. तरीही सगळी मदार गूगलवर ठेवू नका, यूट्यूबवर लाल पाणी निळं होतानाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ टाका, तो चालेल.

तिरकस_पेठकर

बोहरी आळीत माझा मित्र हेच फिल्टर विकतो. परवा विचारलं हार्डनेस जातो का, तर म्हणाला "साहेब, गॅरंटी नळाची आहे, पाण्याची नाही." वाघोलीकर, हे वाक्य घ्या साइटसाठी, कमिशन मागणार नाही.

ताळेबंद

टॅक्सचं विचारलंय म्हणून, सीए आहे, पण इथलं वाचून फायलिंग करू नका, स्वतःच्या सीएला कागद दाखवा.

अफिलिएटचे पैसे साधारणपणे कमिशन धरतात. एका कंपनीकडून वर्षाला २०,००० च्या वर गेलं की ती कंपनी २ टक्के टीडीएस (पाण्यातला नाही, पैसे देतानाच कापतात तो टॅक्स) कापते, तो तुमच्या पॅनवर दिसतो. कापला नाही म्हणजे टॅक्स नाही असं समजू नका, ४८० रुपये असले तरी दाखवायचे. पगार अधिक हे धंद्याचं उत्पन्न म्हणजे रिटर्नचा आयटीआर १ फॉर्म जाऊन आयटीआर ३ येतो. अंदाजे नफा दाखवून मोकळं व्हायची जी सोपी सोय छोट्या धंद्यांना असते ती कमिशनच्या उत्पन्नाला नाही, त्यामुळे डोमेन, होस्टिंग, टेस्टिंगला घेतलेले फिल्टर यांची बिलं जपून ठेवा, खर्च म्हणून दाखवता येतात. आणि धंद्याचं उत्पन्न आलं की टॅक्सची जुनी-नवी रिजीम दरवर्षी हवी तशी बदलायची मुभा राहत नाही, होम लोन आहे तुमचं, त्याची सूट कुठल्या रिजीममध्ये मिळते हे आधी बघा. जीएसटी नोंदणी सेवांना २० लाखांच्या उलाढालीपर्यंत लागत नाही. कंपनी वगैरे काढायची काही गरज नाही.

लिंकमधून कमिशन मिळतं हे लेखाच्या वरच, मराठीत, दिसेल असं लिहा. जानेवारी २०२३ मध्ये ग्राहक व्यवहार खात्याने यावर मार्गदर्शन काढलंय आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दंड १० लाखांपर्यंत, पुन्हा केलंत तर ५० लाखांपर्यंत आहे. तळाला बारीक अक्षरात इंग्लिशमध्ये टाकून भागत नाही.

ऑफिसचं म्हणाल तर अपॉइंटमेंट लेटर काढा आणि दुसऱ्या कामाबद्दलचा क्लॉज वाचा. २०२२ मध्ये विप्रोने ३०० जणांना काढलं होतं, ते प्रतिस्पर्धी कंपन्यांत काम करत होते म्हणून. पाण्याच्या फिल्टरची साइट त्यात बसत नाही, पण काही लेटरमध्ये कुठलाही धंदा करायला आधी लेखी परवानगी लागते असं असतं. एचआरला एक मेल टाका आणि उत्तर जपून ठेवा. ऑफिसच्या लॅपटॉपवर तर हे अजिबात करू नका.

वाघोलीकर

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद. कोर्सवाल्याला आत्ताच नाही म्हणून सांगितलं, तर तो ९,९९९ वर आला. किट मागवलंय. बुरेट सर, एक शंका, सोसायटीत सकाळी टँकरचं पाणी असतं आणि संध्याकाळी बोअरचं, मग टेस्ट कधी करू?

बुरेट_आणि_पिपेट

दोन्ही वेळा. सॅम्पल घ्यायच्या आधी नळ दोन मिनिटं वाहू द्या, बाटलीवर वेळ आणि स्रोत लिहा. आणि आधी-नंतरची तुलना एकाच वेळच्या पाण्याची हवी, नाहीतर सकाळचं फिल्टरचं आणि संध्याकाळचं बिनफिल्टरचं तपासाल आणि फिल्टर चालतो म्हणून लिहून बसाल. शॉवरच्या शेजारच्या नळावर फिल्टर नसेल तर बिनफिल्टरचं तिथूनच घ्या.

कुंडीवाली

आणि पहिला लेख टाकलात की लिंक इथे द्या दादा, आमच्या गच्चीवरच्या टाकीचं पण हेच रडगाणं आहे, झाडांच्या मातीवर पांढरी पापुद्री धरते. मीठवाल्या सॉफ्टनरचं पाणी झाडांना चालतं का हे पण लिहा कधीतरी.

बुरेट_आणि_पिपेट

नाही चालत ताई, सोडियम साठत जातं मातीत. कुंड्यांना पावसाचं साठवलेलं द्या, नाहीतर सॉफ्टनरच्या आधीचं.