शिक्षण परिषदेतल्या काड्या

शिक्षकांचं प्रशिक्षण म्हणजे सही, चहा आणि पीपीटी, हे तुमचं म्हणणं पुष्कळदा खरं आहे, सर. पण आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत (शिक्षकांच्या एकत्र बैठकीत) दुसरीच्या बाईंनी ४२ मधून १७ वजा करताना दहा काड्यांच्या गठ्ठ्याचं रबर काढलं, काड्या सुट्या केल्या, आणि आठवीला गणित शिकवणाऱ्या मला माझी मुलं नेमकी कुठे अडतात ते दिसलं. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने शिक्षकांना वर्षाला किमान ५० तास प्रशिक्षण सांगितलंय. त्यातले निम्मे तास तरी असे सगळ्या इयत्तांनी एकत्र बसून व्हावेत. फक्त ते परीक्षेच्या तोंडावर नकोत, कारण दोनशिक्षकी शाळेतले एक गुरुजी प्रशिक्षणाला गेले की चारही वर्ग दुसऱ्या गुरुजींच्या गळ्यात पडतात.