जिनिव्हाच्या भिंतीवर लूथर का नाही?

प्रश्न: मागच्या महिन्यात जिनिव्हात बास्तियों बागेत गेलो होतो. सोळाव्या शतकातल्या प्रोटेस्टंट ख्रिस्ती धर्मसुधारकांच्या भिंतीवर पाच मीटर उंचीचे चार दाढीवाले: फारेल, कॅल्व्हिन, बेझ, नॉक्स. पण ही चळवळ जर्मनीत सुरू करणारा मार्टिन लूथर कुठाय?

भटक्या: आहे हो, नावापुरता. भिंतीच्या दोन बाजूंच्या दगडांवर लूथर आणि झ्विंग्ली (झ्युरिकचा सुधारक) अशी नावं कोरलीत. काम १९०९ साली, कॅल्व्हिनच्या ४००व्या जयंतीला सुरू झालं, मग जिनिव्हात वावरलेलेच चौघे मध्ये आले. मला फारेल भारी आवडतो. १५३६ मध्ये कॅल्व्हिन निघालेला स्ट्रासबर्गला, जिनिव्हात फक्त रात्रीपुरता उतरला. फारेलनं त्याला गाठून बजावलं, थांबला नाहीस तर देवाचा शाप लागेल! बिचारा थांबला. दोन वर्षांत गावानं दोघांनाही हाकललं. १५४१ मध्ये कॅल्व्हिनला परत बोलावलं, तर पठ्ठ्यानं ना तक्रार केली ना टोमणा मारला. प्रवचन जिथे तुटलं होतं, तिथूनच बायबलचं पुढचं वचन घेतलं.

सडेतोड: कौतुक पुरे. २७ ऑक्टोबर १५५३ ला जिनिव्हातल्या शांपेलला सर्व्हेटसला, म्हणजे ख्रिस्ती त्रैक्य नाकारणाऱ्या स्पॅनिश विद्वानाला, जिवंत जाळलं, त्याचं काय?

भटक्या: त्यावर पांघरूण घालत नाही. जाळू नका, शिरच्छेद करा, एवढंच कॅल्व्हिन म्हणाला. मृत्युदंड त्यालाही हवाच होता. पुढे १९०३ मध्ये त्याच्याच अनुयायांनी तिथे प्रायश्चित्ताचा दगड उभारला.

प्रश्नकर्ता: अरेरे, तो बघायचा राहिला. बागेपासून लांब आहे का?

भटक्या: छे, त्याच शहरात.