शॅरन व्हाइट : सचिवाची सवय आणि नियामकाचे काम

धागालेखक
शॅरन व्हाइट १९८९ मध्ये ब्रिटिश अर्थखात्यात रुजू झाल्या, २०१३ मध्ये तिथल्या द्वितीय स्थायी सचिव झाल्या आणि मार्च २०१५ मध्ये ऑफकॉम या दूरसंचार व प्रसारण नियामकाच्या मुख्य कार्यकारी अधिकारी. अर्थखात्यात स्थायी सचिवपदाच्या श्रेणीपर्यंत पोहोचलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय व्यक्ती; त्यांच्या कर्तृत्वाविषयी माझा वाद नाही. माझी हरकत अशी की, मंत्र्यांना पचेल असा मधला मार्ग काढण्यात ज्याची उमेदीची वर्षे गेली, तो अधिकारी नियामक झाल्यावरही मधलाच मार्ग शोधतो. ओपनरीचचे प्रकरण पाहा. देशातल्या बहुतेक टेलिफोन तारा ओपनरीचकडे, ओपनरीच बीटी या दूरसंचार कंपनीच्या मालकीची, आणि त्याच तारांवर स्काय, टॉकटॉक व व्होडाफोन हे बीटीचे प्रतिस्पर्धी विसंबलेले. ओपनरीच बीटीपासून पूर्ण तोडा, ही या प्रतिस्पर्ध्यांची मागणी होती. मार्च २०१७ मध्ये ऑफकॉम आणि बीटी यांच्यात ठरले ते एवढेच की कंपनी वेगळी, संचालक मंडळ वेगळे, मालकी मात्र बीटीचीच. चूल वेगळी झाली, सातबारा जुन्याच नावावर राहिला.

प्रतिसाद १
उपमा छान आहे, पण सातबारा बदलायचा तर बीटीच्या निवृत्तिवेतन निधीचे दायित्व कोणी उचलायचे, याचे उत्तर आपण दिलेले नाही. पूर्ण विभाजनाचा हट्ट धरला असता, तर प्रकरण वर्षानुवर्षे रेंगाळले असते. या तोडग्याने सुमारे ३२,००० कर्मचारी नव्या कंपनीत जाण्याचा मार्ग मोकळा झाला. शिवाय त्याच महिन्यात, व्यावसायिक जोडण्यांना झालेल्या विलंबाची भरपाई कमी दिल्याबद्दल, ऑफकॉमने बीटीला ४.२ कोटी पौंडांचा दंड केला. थ्री आणि ओ-टू या मोबाइल कंपन्यांच्या विलीनीकरणाला तर व्हाइट यांनी उघड विरोध केला होता आणि मे २०१६ मध्ये युरोपीय आयोगाने ते रोखले. मधल्या मार्गाची सवय असलेली व्यक्ती इतक्या उघडपणे बोलत नाही.

प्रतिसाद २
मला दोघांचेही पटत नाही, कारण खरा प्रश्न ऑफकॉमच्या आधीचा आहे. व्हाइट अर्थखात्यात सार्वजनिक खर्चाचे काम पाहत असताना त्यांचे पती रॉबर्ट चोट हे सरकारसाठी अधिकृत आर्थिक अंदाज स्वतंत्रपणे तयार करणाऱ्या अर्थसंकल्पीय उत्तरदायित्व कार्यालयाचे अध्यक्ष होते. कोणी काही गैर केले, असे मी म्हणत नाही. मात्र एवढी जवळीक चालवून घेणाऱ्या व्यवस्थेने नियामकांच्या स्वातंत्र्याविषयी फार बोलू नये.

धागालेखक
प्रतिसाद २ मधला मुद्दा गंभीर आहे, पण तो नेमणुका करणाऱ्यांना लागू होतो; मी कामाविषयी बोलतो आहे. दंडाबाबत मी माघार घेतो. विलीनीकरणाचा दाखला मात्र फार ताणू नये, कारण चारच्या तीन मोबाइल कंपन्या होऊ नयेत म्हणून जो विरोध झाला, तोच बदल डिसेंबर २०२४ मध्ये व्होडाफोन आणि थ्रीच्या बाबतीत ब्रिटनच्या स्पर्धा प्राधिकरणाने अटी घालून मंजूर केला.

प्रतिसाद १
आठ वर्षांनंतरच्या, वेगळ्या परिस्थितीतल्या निर्णयावरून २०१६ चा विरोध चुकीचा ठरत नाही.

धागालेखक
चुकीचा ठरत नाही, मान्य. पण मग ओपनरीचलाही परिणामांचाच निकष लावू. २०१७ मध्ये ब्रिटनमधल्या जेमतेम ३ टक्के घरांपर्यंत पूर्ण फायबर, म्हणजे थेट घरापर्यंत जाणारी ऑप्टिकल फायबरची जोडणी, पोहोचले होते. बीटीने गुंतवणुकीला खरा जोर लावला तो मार्च २०२१ मध्ये ऑफकॉमने ओपनरीच इतर कंपन्यांना लावत असलेल्या घाऊक दरांविषयीचे धोरण जाहीर केल्यानंतर, आणि तोवर व्हाइट जॉन लुइस या दुकानसाखळीच्या अध्यक्षपदी जाऊन वर्ष उलटले होते.