मदत हवी आहे: एक्स-रेत न सापडलेलं मनगटाचं फ्रॅक्चर. हा निष्काळजीपणा ठरतो का?

पानगळ (धागाकर्ता)

नमस्कार. एका प्रकरणाचे कागद समोर आहेत, त्यावर जाणकारांनी प्रकाश टाकावा. मुद्द्यापुरतंच लिहितो.

रुग्ण, वय ३४, उजवा हात टेकून पडला. त्याच संध्याकाळी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत दाखवलं. मनगटाचे दोन एक्स-रे काढले. "फ्रॅक्चर नाही, लचक आहे" असं सांगून क्रेप बँडेज आणि पाच दिवसांच्या वेदनाशामक गोळ्या दिल्या. दुखणं कमी-जास्त होत राहिलं. अकरा आठवड्यांनी दुसरीकडे सीटी स्कॅन केला तेव्हा निघालं की स्कॅफॉइड (मनगटातलं अंगठ्याकडचं छोटं हाड) मोडलंय, जुळलेलं नाही आणि एका तुकड्याचा रक्तपुरवठा गेल्याची शंका आहे. आता बोन ग्राफ्ट (दुसरीकडचं हाड काढून तिथे बसवणं) आणि स्क्रूचं ऑपरेशन सांगितलंय.

एक्स-रेत हाड मोडलेलं दिसलं नाही, एवढ्यावर डॉक्टर दोषी ठरतात का? दावा लावायचा तर आधी हातात काय असावं? आणि ऑपरेशनचा सगळा खर्च मागता येतो का?

---

अस्थिपंजर

"दिसलं नाही" यावर अडून राहाल तर हराल. स्कॅफॉइडचं फ्रॅक्चर पहिल्या दिवशीच्या एक्स-रेत न दिसणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. भेग केसाएवढी असते, हाड काजूच्या आकाराचं आणि तिरकं बसलेलं. दहा-बारा दिवसांनी भेगेच्या कडेचं हाड थोडं विरघळलं की मग ती फिल्मवर उमटते. हे प्रत्येक हाडांच्या डॉक्टरला माहीत असतं, आणि तुमच्या प्रकरणाचा जीव इथेच आहे. एक्स-रेवर विसंबता येत नाही हे माहीत असल्यामुळेच संशय आला तर काय करायचं ते ठरलेलं आहे.

अंगठा ताणून वर उचला. मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला दोन ताठ दोऱ्यांसारख्या कंडरांमध्ये एक खळगा पडतो. पूर्वी तपकीर तिथे ठेवून ओढायचे म्हणून इंग्रजीत त्याला स्नफबॉक्स म्हणतात. तिथे बोटाने दाबल्यावर दुखलं तर फिल्म कितीही स्वच्छ असो, फ्रॅक्चर आहे असं धरूनच चालायचं. अंगठ्यासह स्लॅब (अर्धं प्लास्टर) किंवा स्प्लिंट (आधाराची पट्टी) लावायचा आणि १० ते १४ दिवसांनी पुन्हा तपासून पुन्हा एक्स-रे काढायचा. सोय असेल तर त्याआधीच एमआरआय.

फिल्मही दोन पुरत नाहीत. समोरून, बाजूने, तिरपी आणि मनगट करंगळीकडे वळवून काढलेली खास स्कॅफॉइडची, अशा साधारण चार लागतात. शेवटच्या फिल्ममध्ये हाड लांबीला उलगडतं, एरवी ते स्वतःच्याच सावलीत लपतं.

थोडक्यात, न्यायालयात विचारायचा प्रश्न "फिल्म चुकीची वाचली का" हा नाही. खळगा दाबून पाहिला का, आणि दुखत होता तर स्लॅब व फेरतपासणी का नाही, हा आहे.

---

कोर्टपायरी

वरच्या प्रतिसादाला +१. कायद्याची बाजूही तीच आहे. चुकलेलं निदान म्हणजे आपोआप निष्काळजीपणा नव्हे. इंग्लंडमधल्या निकालातून १९५७ पासून चालत आलेली बोलम कसोटी सांगते की त्याच शाखेतल्या जबाबदार डॉक्टरांच्या एका गटालाही ते वागणं मान्य असेल तर डॉक्टर सुटतो. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये जेकब मॅथ्यू प्रकरणात हीच कसोटी उचलून धरली. त्याला पाचर मारली ती इंग्लंडमधल्याच १९९७ च्या बोलिथो निकालाने: चार तज्ज्ञ "आम्हीही असंच करतो" म्हणाले तरी ते म्हणणं तर्काला टिकलं पाहिजे. मनगट दुखतंय, हात टेकून पडलाय आणि तरी खळगा दाबून पाहायची गरज नव्हती, हे तर्काला टिकवणं अवघड आहे.

पण लोक खरे आपटतात ते पुढच्या पायरीवर. चूक सिद्ध झाली तरी त्या चुकीमुळे काय बिघडलं, हे वेगळं सिद्ध करावं लागतं. इंग्लंडमध्ये १९८७ साली निकाल लागलेलं एक प्रकरण तुमच्याशी फार जवळचं आहे. तेरा वर्षांचा मुलगा झाडावरून पडला, खुब्याची इजा रुग्णालयाच्या लक्षात आली नाही, निदान पाच दिवसांनी झालं आणि हाडाचा रक्तपुरवठा गेला. चूक रुग्णालयाने मान्यही केली. पण वेळेत निदान झालं असतं तरी हे होण्याची शक्यता ७५ टक्के होती, असं तज्ज्ञांच्या पुराव्यावरून ठरलं. उरलेल्या २५ टक्के संधीचे पैसे खालच्या न्यायालयांनी दिले होते, ते सर्वोच्च पातळीवर काढून घेतले गेले. वेळेत उपचार मिळाले असते तर बरा होण्याची शक्यता ५० टक्क्यांहून जास्त होती, हे दाखवावंच लागतं.

आता तिसरा प्रश्न. निदान वेळेत झालं असतं तरी सहा ते बारा आठवडे प्लास्टर चुकलं नसतं. तेवढा त्रास आणि तेवढी बुडालेली कमाई वजा करा. मागायचा तो फरक: टळू शकणारं ऑपरेशन, त्यापुढचे महिने, पकडीचा कमी झालेला जोर, पुढे मनगटाला सांधेदुखी येण्याचा धोका. सगळंच मागितलं की खरा भागही संशयात येतो.

फौजदारीच्या वाटेला जाऊ नका. तिथे ढोबळ, अक्षम्य निष्काळजीपणा लागतो आणि हे प्रकरण त्या जातीचं नाही. वैद्यकीय परिषदेकडे तक्रार केली तर परवान्यावर कारवाई होऊ शकते, पैसे मिळत नाहीत. पैसे हवेत तर दिवाणी न्यायालय, किंवा जिथे सोय आहे तिथे ग्राहक आयोग.

---

कागदी_घोडा

नोटीस पाठवायच्या आधी कागद काढा. हा क्रम उलटला की रुग्णालयाचा सूर बदलतो आणि फाइल "सापडत नाही".

लेखी अर्ज, तारीख घालून, पोच घेऊन. "सर्व कागदपत्रं" असं मोघम लिहू नका, नावं लिहा. कॅज्युअल्टीचा केस पेपर (दोन्ही बाजू, मागे नर्सची नोंद असते), आल्याची वेळ दाखवणारं रजिस्टर, एक्स-रे मागणीची चिठ्ठी, रेडिओलॉजिस्टचा रिपोर्ट आणि नंतर जोडलेली पुरवणी असेल तर तीही, औषधांची चिठ्ठी, बिल. भारतात २००२ च्या वैद्यकीय आचार नियमांनुसार मागणीनंतर ७२ तासांत कागद द्यायचे असतात.

एक्स-रे डायकॉम फाइलमध्येच (मशीनमधली मूळ डिजिटल फाइल) मागा, सीडी किंवा पेनड्राइव्हवर. फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो तज्ज्ञाला कुचकामी असतो, कारण त्यात उजेड-अंधार कमी-जास्त करून भेग शोधता येत नाही. शिवाय डायकॉममध्ये एक्स-रे कधी निघाला ती वेळ असते.

रिपोर्टची वेळ तर आवर्जून बघा. बऱ्याच ठिकाणी रात्री कॅज्युअल्टीचा डॉक्टर स्वतःच फिल्म बघून रुग्णाला सोडतो आणि रेडिओलॉजिस्ट ती दुसऱ्या दिवशी वाचतो. त्या रिपोर्टमध्ये "स्कॅफॉइडची शंका, फेरतपासणी करावी" असं असेल आणि कुणी रुग्णाला फोन केला नसेल, तर भांडण एका डॉक्टरच्या नजरेचं राहत नाही. रुग्णालयाच्या व्यवस्थेतली चूक थेट कागदावर येते. यापेक्षा भक्कम पुरावा क्वचित मिळतो.

मग एक तक्ता करा: तारीख-वेळ, रुग्णाने काय सांगितलं, डॉक्टरने काय लिहिलं, काय केलं, कोणत्या कागदावर. जिथे नोंद नाही तो रकाना रिकामाच ठेवा, आठवणीने भरू नका.

अवांतर: दुसऱ्या डॉक्टरचं "आधी कुणी पाहिलं होतं हे?" हे उद्गार पुरावा नाहीत. तो लेखी द्यायला तयार आहे का ते विचारा. बहुतेक वेळा नसतो.

---

पानगळ

सर्वांचे आभार. केस पेपर मिळाला. त्यावर "टेंडरनेस रिस्ट प्लस" आणि खाली "रिव्ह्यू एसओएस" एवढंच आहे. खळग्याचा उल्लेख नाही. रुग्ण सिगारेट ओढतो, हे दुसऱ्या रुग्णालयाच्या कागदावर आहे. याने फरक पडेल?

---

अस्थिपंजर

पडेल. सिगारेटमुळे हाड जुळायला वेळ लागतो आणि स्कॅफॉइडला तर फारच, कारण त्यात रक्त बोटांकडच्या टोकातून शिरून उलटं कोपराकडे जातं. मधे भेग पडली की कोपराकडचा तुकडा उपाशी. समोरचा तज्ज्ञ म्हणणार की हे हाड तसंही जुळलं नसतं. त्याला उत्तर भेगेच्या जागेत आहे. भेग मधोमध असेल आणि तुकडे सरकलेले नसतील तर वेळेत प्लास्टर घातल्यावर अशी हाडं बहुतेक जुळतात. चार आठवड्यांपेक्षा उशीर झाला की न जुळण्याचं प्रमाण वाढतं. भेग अगदी कोपराकडच्या टोकाला असेल तर मात्र तुमची बाजू लंगडी पडेल. सीटीच्या रिपोर्टमध्ये ही जागा नक्की लिहिलेली असते, ती आधी पाहा.

---

कोर्टपायरी

"टेंडरनेस रिस्ट" म्हणजे मनगट दुखतंय हे कळलं, पण नेमकं कुठे ते पाहिल्याची नोंद नाही. ही तुमच्या बाजूची गोष्ट. "रिव्ह्यू एसओएस" म्हणजे गरज वाटली तर या. "१० दिवसांनी या" असं लिहिलेलं असतं आणि रुग्ण गेला नसता, तर दावा तिथेच कोसळला असता. तरी अकरा आठवडे दुखत असताना का गेला नाही हे विचारलं जाणारच. मधल्या काळात कुठे दाखवलं असेल, औषधाच्या दुकानाची बिलं असतील, तर जमवा.

तज्ज्ञ निवडताना कॅज्युअल्टीत काम करणाराच घ्या. हाताच्या सर्जनचं मत नुकसानीसाठी ठेवा. चुकीबद्दल तो बोलला तर "कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरकडून सर्जनची अपेक्षा ठेवता" असा पहिलाच आक्षेप येईल. आणि पहिली फिल्म रेडिओलॉजिस्टला दाखवताना सीटीचा निकाल सांगू नका. मनगटाच्या दुसऱ्या पाच-सहा फिल्ममध्ये मिसळून द्या. निकाल कळल्यावर भेग सगळ्यांनाच दिसते.

मुदतीचं लगेच बघा. भारतात ग्राहक आयोगाकडे २ वर्षं, इंग्लंडमध्ये साधारण ३ वर्षं. ती पडल्याच्या दिवसापासून मोजायची की सीटीच्या, यावर वाद होतो. सुरक्षित राहायचं तर पहिल्या एक्स-रेची तारीख धरूनच मोजा.