विद्यापीठाच्या आवारातील कार्यक्रम: आपल्या आठवणी इथे लिहाव्यात

खिंडीतला_पिंपळ
मागच्या २८ फेब्रुवारीला भाचीला घेऊन पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन केंद्रात विज्ञान दिनासाठी गेलो होतो. आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइनस्टाइन यांच्या पुतळ्यांपाशी मुलांची ही गर्दी होती, आणि एक विद्यार्थी स्वयंसेवक पाण्याचा जार उचलून नेता नेता पृथ्वीचे स्वतःभोवती फिरणे दाखवणाऱ्या फुकोच्या लंबकाविषयी चाललेले निवेदन ऐकण्यासाठी थबकला होता. त्याला पाहून माझे स्वतःचे १९९८ साल डोळ्यांसमोर उभे राहिले.

मी तेव्हा विद्यापीठात अर्थशास्त्राच्या एम. ए.ला होतो आणि 'कमवा आणि शिका' योजनेत काम करत होतो. चर्चासत्र असले की नोंदणीच्या टेबलावर नावे लिहून घेणे, पाहुण्यांपुढे पाणी ठेवणे आणि शेवटी उरलेले हारतुरे गोळा करणे ही आमची कामे असत. एका दुपारी नामदेव सभागृहात महानुभाव वाङ्मयावर व्याख्यान चालू होते. पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांमध्ये जपले आणि त्यामुळे मराठीतले ते आद्य गद्य कित्येक शतके पंथाबाहेरच्या वाचकांना बंद राहिले, असे वक्ते सांगत होते. मी चहाची किटली हातात घेऊन दारातच उभा राहिलो आणि चहा द्यायचा आहे याचा मला पूर्ण विसर पडला. पर्यवेक्षक सर मागून आले, त्यांनी किटली माझ्या हातातून घेतली आणि 'तू ऐक' एवढेच म्हणून स्वतः चहा वाटला. दुसऱ्या दिवशी मी जयकर ग्रंथालयातून 'लीळाचरित्र' काढले. आजही माझ्या उशाशी ते असते.

ज्या कार्यक्रमाला आपण निमंत्रित नव्हतो, किंवा ज्याचा आपल्या अभ्यासक्रमाशी संबंध नव्हता, त्याने आपल्याला काही दिले असेल तर ते अवश्य लिहावे.

सातारकर_मास्तर
'कमवा आणि शिका' हे शब्द वाचून राहवले नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे वाक्य आमच्या पिढीच्या अंगी मुरले. आम्ही वसतिगृहाच्या बागेला पाणी घालत असू आणि त्याच बागेत संध्याकाळी वक्तृत्वाचा सराव होई. आपल्या पर्यवेक्षक सरांना माझा नमस्कार सांगावा.

खिंडीतला_पिंपळ
मास्तर, सर आता हयात नाहीत. मात्र आपला नमस्कार त्यांच्या मुलीला नक्की कळवीन.

माणदेशी_लेक
माझी आठवण पीएच. डी.च्या खुल्या मौखिक परीक्षेची आहे. विषय भूगोलाचा होता, दुष्काळी तालुक्यातल्या विहिरींची पाणीपातळी. परीक्षकांचे प्रश्न संपल्यावर अध्यक्षांनी रीतीप्रमाणे विचारले, की उपस्थितांपैकी कुणाला काही विचारायचे आहे का. अशा वेळी सहसा कुणी बोलत नाही. शेवटच्या रांगेतून माझे आबा उठले. त्यांनी डोक्यावरचा फेटा सावरला आणि म्हणाले, 'बाई, तू ज्यांच्या विहिरी मोजल्यास, त्यांना परत जाऊन काय निघालं ते सांगितलंस का?' सभागृहात शांतता पसरली. मी 'नाही' म्हणाले. बाह्य परीक्षकांनी हातातली लेखणी खाली ठेवली आणि अध्यक्षांना म्हणाले, की आजचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. निकाल जाहीर झाला, पेढे वाटले गेले, पण मला त्या दिवशीचा आबांचा आवाजच जास्त आठवतो.

चहावाली_मावशी
मुलीला आणायला शाळेच्या दारात उभी राहून हे वाचते आहे आणि डोळे भरून आले आहेत. ताई, पुढे काय झाले ते अर्धवट सोडू नका. परत गेलात का?

माणदेशी_लेक
गेले, मावशी. सात पानांचा मराठी सारांश लिहिला आणि मारुतीच्या देवळात अकरा जणांसमोर वाचला. त्यांनी माझ्या दोन चुका दाखवून दिल्या. एक विहीर मी बारमाही लिहिली होती, ती प्रत्यक्षात मार्चमध्येच आटते.

नागसेनवनातून
आमच्याकडे वर्षातला सर्वांत मोठा दिवस म्हणजे १४ जानेवारी. १९९४ मध्ये याच दिवशी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव मिळाले आणि त्यामागे १९७८ च्या विधिमंडळ ठरावानंतरचा सोळा वर्षांचा लढा होता, ज्यात माणसांनी घरेदारे आणि प्राण गमावले. त्या दिवशी खेड्यापाड्यांतून लोक विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी येतात. ज्यांनी विद्यापीठात कधी पाऊल ठेवले नाही, अशी माणसे लेकरांना कडेवर घेऊन कमानीवरचे नाव वाचून दाखवतात. मी वसतिगृहात होतो तेव्हा पुस्तकांच्या दुकानांवर मित्राला मदत करत असे. एका आजींनी कनवटीची चिल्लर मोजून पुस्तक घेतले आणि 'नातीला वाचता येतं' असे सांगितले. निमंत्रणाचा विषय निघाला म्हणून लिहितो: या सोहळ्याला कुणालाही निमंत्रण लागत नाही.

पंचगंगाकाठ
मी कोल्हापूरच्या युवा महोत्सवात मूकनाट्याच्या संघात होते. आमच्या सांगलीकडच्या महाविद्यालयाकडे रंगभूषेचे साहित्यच नव्हते, तेव्हा स्पर्धक संघाच्या मुलींनी आपला पांढरा रंग आम्हाला दिला. त्या पहिल्या आल्या, आम्हाला काही मिळाले नाही. त्यांच्यापैकी एक आज माझी वहिनी आहे.

अनामिक_पदवीधर
सर्वांचेच अनुभव आनंदाचे नसतात. एका विद्यापीठाच्या पदवीप्रदान समारंभात प्रत्येकाला एकच प्रवेशपत्रिका होती. आई आत आली आणि वडील तीन तास उन्हात फाटकाबाहेर थांबले. बाहेर आल्यावर मी झगा त्यांच्या अंगावर घातला आणि छायाचित्र काढले. ते दिवाणखान्यात आहे, पण आईला अजून त्या दिवसाविषयी बोलायला आवडत नाही.

चहावाली_मावशी
दादा, वाचून फार वाईट वाटले. निदान दोघांसाठी तरी जागा ठेवायलाच हवी.

तारांगण_आजोबा
आयुकाचा उल्लेख झाला म्हणून सांगतो. मुले स्वाक्षरी मागू लागली, की आयुकाचे संस्थापक संचालक, खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर त्यांना सांगत, की एक प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठवा, मी स्वाक्षरीसह उत्तर देईन. माझ्या मुलाने असा प्रश्न पाठवला होता आणि त्याला उत्तर आले. २० मे २०२५ रोजी नारळीकर गेल्याची बातमी कळली, तेव्हा परदेशात असलेल्या त्या मुलाने मला फोन करून पहिला प्रश्न विचारला, की माझे पोस्टकार्ड कपाटात आहे ना?

खिंडीतला_पिंपळ
आजोबा, मुलाने कार्डावर कोणता प्रश्न विचारला होता?

तारांगण_आजोबा
रात्री आकाश काळे का दिसते, हा. कार्ड आताच कपाटातून काढून टेबलावर ठेवले आहे. शाई थोडी पुसट झाली आहे, पण चष्मा लावला की सगळे वाचता येते.