बी विंग: वादळानंतर पीसी चालू होत नाहीये

बी-४०२: कोणाला कॉम्प्युटरमधलं कळतं का, काल रात्री वळीव झोडपत होता तेव्हा लाइट सारखी ये-जा करत होती आणि आज सकाळपासून पीसी ढिम्म आहे, बटण दाबलं की पंखा नाही लाइट नाही काही नाही, लेकीचा प्रोजेक्ट त्यातच आहे आणि परवा सबमिशन 😟

ए-१०१ काका: रिस्टार्ट करून बघा

बी-४०२: अहो काका चालूच होत नाहीये तर रिस्टार्ट कुठून करू

सी-३०३: ताई, आधी त्याच सॉकेटला मोबाइलचा चार्जर लावून बघा. मग स्पाइक गार्ड बाजूला ठेवा आणि पीसी थेट भिंतीत लावा. मॉनिटरची पॉवरची वायर बहुतेक तशीच असते, ती सीपीयूला लावून बघा म्हणजे वायरचा संशय मिटेल. मागे एसएमपीएसजवळ (पीसीला पॉवर पुरवणारा आतला डबा) छोटा स्विच असतो तो चालू आहे ना तेही बघा. तरी नाही झालं तर प्लग काढून पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा आणि परत लावा, कधीकधी तेवढ्यानेही चालू होतो

ए-१०१ काका: 🌸 शुभ सकाळ 🌸 आजचा सुविचार

सेक्रेटरी: काका फॉरवर्ड नको हो ग्रुपवर

बी-४०२: सगळं करून झालं. चार्जर चालतोय, पीसी नाही. पण स्पाइक गार्डला जळका वास येतोय, एका कोपऱ्यात प्लॅस्टिक पिवळं पडलंय

सी-३०३: मग आतला एमओव्ही गेला. व्होल्टेज क्षणभर उसळलं तर तो झेलतो, पण जास्त व्होल्टेज बराच वेळ राहिलं की तो स्वतःच जळतो. म्हणजे नुसतं आकाशातल्या विजेचं काम वाटत नाही

बी-२०२: आमचा पण सेटटॉप बॉक्स गेला आणि वायफायचा अडॅप्टर! लाइट जायच्या आधी ट्यूब एवढी लख्ख झाली आणि पंखा हेलिकॉप्टरसारखा फिरायला लागला, मी ह्यांना म्हटलं पण हे ऐकतील तर शपथ

बी-३०१: आमच्याकडे उलटं, बल्ब मिणमिणता आणि फ्रीज नुसता घुं घुं

सी-३०३: थांबा थांबा. एकाकडे जास्त, दुसऱ्याकडे कमी, म्हणजे न्यूट्रल, करंट परत नेणारी वायर, सुटलाय. आपल्याला २३० व्होल्ट मिळतात ते एक फेज (करंट आणणारी वायर, बिल्डिंगला अशा तीन येतात) आणि न्यूट्रल यांच्यात, दोन फेजमध्ये मात्र ४०० च्या आसपास असतात. न्यूट्रल तुटला किंवा सैल झाला की ते ४०० वेगवेगळ्या फेजवरच्या घरांत वाटले जातात, ज्या फेजवर लोड कमी तिथे जास्त. बी विंगने एसी, फ्रीज, टीव्ही सगळं बंद करा, खरं तर मेन स्विचच पाडा. सेक्रेटरी, मीटर रूम आत्ता दाखवा कोणाला तरी

सेक्रेटरी: वायरमनला फोन केलाय, आपला इलेक्ट्रिशियन पण येतोय. मीटर रूममध्ये बाकी कोणी जाऊ नका

बी-४०२: आणि माझा पीसी??

सी-३०३: बहुतेक एसएमपीएसच गेला असेल, तोच पहिला मार खातो. हार्ड डिस्क सहसा वाचते, घाबरू नका. संध्याकाळी बी विंगची लाइट नीट झाली की येतो. तोवर एसएमपीएस अजिबात उघडू नका, आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही ३०० च्या वर व्होल्ट राहू शकतात

सेक्रेटरी: अपडेट. बी विंगच्या मेन पॅनलमध्ये न्यूट्रलचा स्क्रू सैल होता, टोक पार काळं पडलेलं. कापून नवीन लग (वायरच्या टोकाची धातूची टोपी) लावला. आता तिन्ही फेजला २३० च्या आसपास दाखवतंय, मेन चालू करायला हरकत नाही

सी-३०३: ४०२ मध्ये बघून आलो. एसएमपीएस बाहेर काढून मोठ्या कनेक्टरमधली हिरवी आणि शेजारची काळी वायर पिनेने जोडली की पंखा फिरायला हवा, फिरला नाही. माझ्याकडचा जुना लावला तर विंडोज आलं. ताई, नवीन घेताना आधीच्यावर लिहिलेले वॉट बघा, कमी घेऊ नका

बी-४०२: प्रोजेक्ट आहे 🙏🙏 पेनड्राइव्हवर टाकून घेतलाच लगेच. दादा उद्या जेवायला या

बी-२०२: सेटटॉप बॉक्सचे पैसे सोसायटी देणार का?

सेक्रेटरी: मीटिंगला घेऊ

ए-१०१ काका: आमच्या विंगचा स्क्रू पण बघून घ्या म्हणावं, इलेक्ट्रिशियन गेला का अजून आहे?

सेक्रेटरी: आहे. सी विंगमध्ये चहा घेतोय, पाठवतो